दाराची गाडी

गंगाखेडहून परळीच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला पत्र्याची एक शेड दिसते आणि तिच्यापुढे लाल ऑक्साइड मारलेले लोखंडी सांगाडे उभे असतात. ती शेड माझी. वडील बैलगाड्या करायचे, मी उसाच्या ट्रॉल्या करतो. लोक तोंडावर भुजंग मिस्त्री म्हणतात आणि पाठीमागे तिरसट म्हणतात. दोन्ही खरं आहे. दिवसभर तोंडाजवळ ठिणग्या उडत असल्यावर माणूस गोड कुठून बोलणार.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी एका ट्रॅक्टरनं दोरानं ओढत एक पांढरी ॲम्बेसेडर माझ्या दारात आणून सोडली. स्टेअरिंगवर कडूबाई होती. कडूबाई आणि तिचा नवरा वाल्मीक दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, पण कडूबाई एकटीच एक कोयता होती, हे सगळ्या टोळीला माहीत होतं आणि मुकादमालाही माहीत होतं. वाल्मीक मागच्या सीटवर डावा पाय लांब करून बसला होता. त्याचा तो गुडघा मागच्या हंगामापासून वाकत नव्हता.

"मिस्त्री, हिचं बूड करून द्या," कडूबाई म्हणाली.

गाडी मी ओळखली. नदीकाठच्या रंगनाथरावांची ती. त्यांच्या गोठ्यात पडून होती, भंगारवाला न्यायच्या बेतात होता, तेवढ्यात कडूबाईनं शेळ्या विकून ती आपल्या दारात नेली. मी ड्रायव्हरच्या पायाखालचं पोतं उचललं तर खाली माझ्या शेडची जमीन दिसली. शेजारच्या बाजूला तेच. गाडीखाली सरपटत गेलो आणि पाना टोचून बघितला. बुडाला लांबीनं ज्या दोन पोकळ पट्ट्या असतात, ज्यांना आम्ही चासी म्हणतो, त्यांत पाना पापडात घुसावा तसा घुसला.

ही करणी कुणाची, ते मला ठाऊक होतं. रंगनाथरावांनी बैलजोडी विकून ही गाडी घेतली तेव्हा घरच्यांना मोठा प्रश्न पडला होता, की आता पोळ्याला धुवायचं काय. पोळा तर मोडता येत नाही. मग गाडीच धुवायची ठरली. आदल्या संध्याकाळी तिच्या पुढच्या मडगार्डांना हळद-तूप चोळायचं, कारण बैलाचे खांदे मळतात तर हिचेही मळले पाहिजेत. सकाळी तिला गोदावरीत दारापर्यंत उतरवून घासायची. शिंगं नव्हती म्हणून बेगड आरशांना. पाणी त्या पोकळ पट्ट्यांत शिरायचं, घरचे पुरणपोळी खाऊन आडवे व्हायचे आणि पाणी आतच राहायचं. वर्षभर डिकीत युरियाची पोती, ती वेगळीच. बैल नदीतून बाहेर आला की अंग तरी झटकतो. गाडीला ते कुठलं यायला.

"भंगारात घाला," मी म्हणालो.

"भंगाराची वाट मला ठाव हाय. तिकडं न्यायची असती तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

"चासी गेली, पत्रा गेला. मग राहिलं काय हिच्यात?"

"दारं," कडूबाई म्हणाली.

ती उतरली आणि तिनं चारही दारं एकेक करून उघडून लावून दाखवली. दारं खरंच चांगली होती. इंजिनही डिझेलचं, जुनं पण इमानी.

"दसरा झाला की टोळी निघंल सांगलीकडं," ती म्हणाली. "मी आता ट्रॉलीत चढनार न्हाई. चाकावर पाय ठिवायचा, पातळ सावरायचं, खालून चार टाळकी बगायलीत, वरून कुनीतरी हात धरून वडायलंय. लगीन झाल्यापासून हेच करायले. उतरताना बी तसंच, गोनी टाकल्यावानी. गेल्या साली ह्ये चढायले आन ट्रॅक्टरवाल्यानं झटका दिला. गुडघा गेला ह्यांचा. तवाच मी बोलले, आता जाईन तर दार उघडून बसंन आन दार उघडून उतरंन. न्हाईतर जानारच न्हाई."

"ट्रॉली उसासाठी असते, बाई. माणसासाठी नसते."

"ते मला कळलं. मनून तर मानसासाठी जे असतंय ते करून द्या मनायले."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग तिचा नव्हता. इतक्या वर्षांत मी एवढ्या ट्रॉल्या केल्या, एकीलाही चढायला पायरी केली नव्हती. कुणी मागितली नाही, मलाही सुचली नाही. एखाद्यानं आपल्याच घरात येऊन आपल्याला काही दाखवावं आणि ते खरं निघावं, याच्यासारखा दुसरा संताप नाही. मी म्हणालो, "ठेवा गाडी. पण रोज येऊन डोकं खायचं नाही."

ती दुसऱ्याच दिवसापासून रोज यायला लागली.

नवे तळपत्रे मी हैदराबादच्या जुन्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारातून मागवले. ते साच्यात दाबलेले असतात, त्यांना मुळातच खाचा आणि उंचवटे असतात, ते काही माझ्याकडं व्हायचं नाही. चासीच्या पट्ट्या मात्र मी घरीच वाकवल्या. जाड पत्रा घेऊन उताण्या पन्हाळीसारखी घडी घातली, कडा बाहेर काढल्या, म्हणजे वरून तळपत्रा बसला की त्याची बंद पेटी होते. कडूबाई जुना गंज खरवडायची. वाल्मीक पाय लांब करून बसायचा आणि ड्रिलनं वेल्डिंगचे जुने टाके फोडायचा. तो फार बोलत नसे. कडूबाई दोघांपुरतं बोलायची.

एकदा मी तिला विचारलं, "पुढच्या पोळ्याला नदीवर नेणार का हिला?"

"हिला पोळा न्हाई," ती म्हणाली. "हिला फकस्त हंगाम."

काम रंगात आलं आणि मुकादम उगवला. हरिओम मुकादम. वय लहान, कपडे पांढरे, जीप नवी. त्याच्या टोळ्यांना ट्रॉल्या माझ्याकडूनच जायच्या. तो शेडमध्ये आला, उघड्या बुडाच्या ॲम्बेसेडरभोवती एक फेरी मारली आणि हसला.

"मिस्त्री, हे काय लावलंय? टोळी निघाली आन मागून ॲम्बेसेडर? कारखान्यावरची लोकं मला हसतील. कोयत्यानं कोयत्यासारखं ऱ्हावं."

कडूबाई गाडीच्या पलीकडं खाली बसून खरवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला दोन नव्या ट्रॉल्या पायजेत," हरिओम म्हणाला. "दसऱ्याच्या आत. हे तेवढं ठिवा बाजूला."

"ट्रॉल्या करतो. हे बी करतो."

"दोन्ही न्हाई व्हायचं. एक काय ते सांगा."

मला हातात काम हवं होतं, नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती. पण माझ्या शेडमध्ये उभं राहून, माझ्या हातातलं काम खाली ठेवायला मला सांगणारा अजून जन्मायचा आहे. मी म्हणालो, "मुकादम, ह्या शेडीत कोनतं काम आधी, ते मी ठरवतो. तुमच्या ट्रॉल्या दुसरीकडं करा."

तो गेला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटलं. घरी बायकोनं ऐकलं तेव्हा ती जेवताना एक शब्द बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा महाग पडतं.

त्या रागात मी घाई केली. रागाच्या भरात लोखंड कापू नये, हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय. ट्रॉलीचं काम करताना आम्ही कुजलेलं सगळं एकदम कापून काढतो आणि नवं घालतो. तिथं खालचा सांगाडा वेगळा असतो, वरचा हौद वेगळा असतो, हौद काढला तरी सांगाड्याला काही होत नाही. तोच हात मी इथं चालवला. दोन्ही बाजूंचे पत्रे कापले, दोन्ही पट्ट्या कापल्या, नव्या लावल्या, वेल्डिंगची लांबच लांब झाळ मारली. ट्रॉलीवर मारतो तशी, दणकट. कडूबाईनं बघितलं आणि खूश झाली. मीही झालो.

दुसऱ्या दिवशी गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली. कडूबाईनं ड्रायव्हरचं दार लावलं. ते लागलं नाही. वरून अडलं आणि खालून बोटभर फट राहिली. तिनं जोर लावला. मग मागचं दार लावून बघितलं. मग पलीकडची दोन्ही. चारांतलं एकही दार लागेना.



"कापायच्या आधी लागत होती," कडूबाई म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मंग तुमीच बिघडवली."

"हो, मीच बिघडवली. घेऊन जा तुमची गाडी. ट्रॉलीवाल्याकडं मोटार आणायची आणि वर बोलायचं."

"न्हाई जायची," ती म्हणाली आणि गाडीच्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसली. "मी एका दारासाठी समद्या टोळीशी वाकडं घेतलंय. आता तुमी मला चार दारं देनार हाव. एक बी कमी घेनार न्हाई."

वाल्मीक एवढंच म्हणाला, "मिस्त्री, च्या घेऊ आधी."

चहा पिताना मी गाडीकडं बघत बसलो. माझ्या हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, झाकण काढलेला. तो दाबला की वाकायचा. झाकण लावलं की वाकत नसे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि लाजही वाटली. ॲम्बेसेडरला वेगळा सांगाडा नसतोच. बूड, पट्ट्या, दारांच्या चौकटी, छप्पर, सगळं मिळून तीच गाडी आणि तीच चासी. मी दोन्ही बाजूंचं बूड एकदम काढलं तेव्हा ती मधून खाली बसली, आणि ती तशी बसलेली असतानाच मी झाळ मारून पक्की केली. वर लांब झाळेच्या उष्णतेनं पत्रा ओढला गेला, ते निराळंच. माझ्या हातचं दणकट काम मला स्वतःलाच फोडावं लागणार होतं.

"सगळं परत कापावं लागेल," मी म्हणालो.

"कापा," कडूबाई म्हणाली.

मी आधी गाडीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंनी जॅक लावले आणि तिला हळूहळू वर उचलली. थोडं उचलायचं, कडूबाईनं दार लावून बघायचं, परत थोडं. दार चौकटीत बरोबर बसलं की आतून चौकटीला आडवे-तिडवे लोखंडी अँगल ठोकून तिला जागच्या जागी धरायचं. पाण्याच्या नळीनं दोन्ही बाजूंची पातळी बघितली, दोरीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणून मापं जुळवली. मग उजवी बाजू तेवढी कापून उघडली. डावीला हात लावला नाही. पट्टी बसवली, पत्रा बसवला आणि एक टाका इकडं, एक तिकडं, मध्ये थांबायचं, हात लावण्याइतका गार होऊ द्यायचा. शिवणकाम करणाऱ्या बाईला जेवढा धीर लागतो तेवढा. माझ्याकडं तो कधीच नव्हता. कडूबाई दर टाक्याला दार उघडायची आणि लावायची. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, मिस्त्री, ह्या बाईला येड लागलं का? मी म्हणायचो, तिला नाही, मला लागलंय.

उजवी बाजू झाली आणि दसरा आला. डावी राहिली होती. आपट्याची पानं द्यायला आलेल्या लोकांना मी गाडीखालूनच हात दिला. सोनं खिशात आणि टाका पत्र्यात, असा माझा दसरा झाला. घरी बायको बोलायला लागली होती, म्हणजे बरं चाललं होतं.

टोळी निघायच्या सकाळी डाव्या पट्टीचा शेवटचा टाका गार झाला. मी चौकटीतले अँगल कापून काढले. आता गाडी स्वतःच्या बळावर उभी होती. कडूबाईनं पदराला हात पुसले आणि ड्रायव्हरचं दार लावलं. लागलं. मागचं लागलं. पलीकडं गेली. दोन्ही लागली. मी एवढा तिरसट माणूस, पण मला त्या वेळी रडू आलं. मी वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि उगाच पाने आवरायला लागलो.

रंग नव्हता. आतल्या बुडाला नुसतं लाल ऑक्साइड, त्यावर सीट तेवढ्या कसलेल्या. कडूबाई स्टेअरिंगवर बसली. वाल्मीकनं तिला ट्रॅक्टर शिकवला होता आणि लायसन तिनं परभणीला जाऊन काढून आणलं होतं. वाल्मीक तिच्या शेजारी पाय लांब करून बसला. मागं भांडी, कोयते आणि पिठाची पोती ठेवली.

तेवढ्यात रस्त्यावर टोळी आली. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यांत माणसं, गाठोडी, सरपण, शेळ्या, एक खाट. हरिओमची जीप पुढं होती. तो उतरला आणि ॲम्बेसेडरच्या तोंडासमोर उभा राहिला.

"कडूबाई, मजाक बास झाला. ज्याला टोळीत यायचंय त्यानं ट्रॉलीत बसायचं. ह्या डबड्यात यायचं तर तुमचा कोयता धरनार न्हाई मी."

कडूबाईनं काच खाली केली. आवाज चढवला नाही.

"मुकादम, तुमी बी टोळीतलेच हाव ना?"

"मंग?"

"मंग आधी तुमी चढा ट्रॉलीत. पार सांगलीपोतर तिथंच बसा. तुमच्या मागं मी चढते, देवाची आन. गाडी मिस्त्रीच्या दारात ठिवून चढते."

ट्रॉलीतली माणसं वरून वाकून बघायला लागली. हरिओमनं ट्रॉलीच्या चाकाकडं बघितलं. त्याला त्या चाकावर पाय ठेवून चढायचं होतं, पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या देखत. तो जागचा हलला नाही. वरून कुणीतरी हसलं आणि मग ते हसणं पसरलं.

हसणं चालू असतानाच भक्ती उठली. ही त्याच टोळीतली लेकुरवाळी होऊ घातलेली पोर, पाचवा महिना लागलेला. तिनं एक पाय बाहेर काढला, चाक चाचपडलं, पातळ एका हातानं धरलं, आणि खाली उभे असलेले सगळे बघत असताना तशीच घसरत खाली आली. तिच्या नवऱ्यानं वरून काहीतरी म्हटलं, तिनं ऐकलं नाही. ती सरळ ॲम्बेसेडरपाशी गेली, मागचं दार उघडलं, पिठाचं पोतं सरकवलं, आत बसली आणि दार लावून घेतलं.

हरिओम माझ्याकडं वळला. 

वरून सुलाबाई ओरडली, "कडू, च्याच्या थांब्यापासून मी." सुलाबाईचे गुडघे गेलेले. तिचं होतंय तोवर दुसरी म्हणाली की तिथून पुढं ती, लेकरू घेऊन. मग तिसरी. मग तिथं ट्रॉलीतच भांडण जुंपलं, कुणी कुठून कुठपर्यंत बसायचं.

"बगा काय करून ठिवलं तुमी," हरिओम म्हणाला. "आता सांगलीपोतर हेच भांडन."

"भांडू द्या," मी म्हणालो. "इतकी वर्षं तुमच्या ट्रॉलीत बसायला कुनी भांडलं का?"

कडूबाईनं गाडी चालू केली आणि हॉर्नवर हात ठेवला तो हरिओम बाजूला होईपर्यंत काढला नाही. मग ती ट्रॅक्टरच्या पुढून निघाली. ट्रॅक्टरच्या मागं धूळ खात जायला तिनं ती गाडी घेतलीच नव्हती.